रथसप्तमीचे नमस्कार आणि दुखावलेला कणा

माघ शुद्ध सप्तमी हा भगवान सूर्यनारायणाचा दिवस. संक्रांतीपासून चाललेले तिळगुळाचे आणि हळदीकुंकवाचे समारंभ या दिवशी संपतात. पाटावर रक्तचंदनाने सात घोड्यांचा रथ रेखाटला जातो, अंगणात तुळशीपुढे गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध तापत असते आणि ते कोणत्या दिशेला उतू जाते इकडे घरातील बायकामुलांचे डोळे लागलेले असतात. याच दिवशी शाळांच्या पटांगणांवर, व्यायामशाळांत आणि देवळांच्या आवारात सामुदायिक सूर्यनमस्कार घातले जातात. वर्षभर नमस्काराचे नावही न काढणारी पुष्कळ मंडळी या एका दिवशी मात्र बारा, चोवीस आणि काही हौशी तर एकशे आठ नमस्कारांचा संकल्प सोडतात.

त्या हौशी मंडळींत एके काळी आमचीही गणना होती. वयाची पन्नाशी उलटलेली, दोन वर्षांत तीनदा कमरेत उसण भरून गेलेली, आणि तरीही त्या वर्षी रथसप्तमीला आम्ही सूर्योदयाबरोबर पटांगणावर उभे राहिलो. मार्गदर्शक महाशय मोठे उत्साही होते. कपाळ गुडघ्याला लागलेच पाहिजे आणि गुडघा वाकला तर तो नमस्कार बाद, असे त्यांनी ध्वनिक्षेपकावरून दोनदा बजावले. नमस्कार बाद होऊ नये म्हणून आम्ही जिवाच्या आकांताने ओणवे होत राहिलो. एकतिसाव्या नमस्काराला कमरेत काही उसवल्यासारखे झाले. लाजेखातर आणखी चार घातले. रात्री डाव्या मांडीच्या मागून पोटरीतून थेट करंगळीपर्यंत अशी कळ निघाली की, कूस पालटण्यासाठीही माणसाचा आधार लागावा. पुढे तपासणीत निष्पन्न झाले की, कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचे त्रिकास्थी यांच्यामधील चकती मागे फुगून तेथून निघणाऱ्या मज्जातंतूवर दाब देत आहे. आयुर्वेदाने जिला गृध्रसी म्हटले आणि आजचे वैद्यक जिला सायटिका म्हणते, ती ही व्याधी.

ही एक चूक झाली. दुसरी चूक त्याहून मोठी होती आणि ती आमच्या हातून अगदी शांतपणे, सर्वांच्या संमतीने घडली. तीन आठवडे आम्ही अंथरुणाला खिळलो, आणि उठल्यावर नमस्कारच काय, कोणताही व्यायाम म्हणून करायचा नाही अशी जणू शपथ घेतली. आप्तेष्टांनी या निश्चयाचे कौतुकच केले. दोन वर्षांत पाठ अशी दुबळी झाली की, पाण्याची कळशी उचलली तरी उसण भरावी.

पूर्वी कंबर धरली की दीर्घकाळ पडून राहण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. अमेरिकेतील रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली साध्या कंबरदुखीच्या दोनशेवर रुग्णांवर एक प्रयोग केला. काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगितली. दुखणे बरे होण्यात काहीच फरक पडला नाही; दोन दिवसवाले मात्र कामावर लवकर रुजू झाले. याचे कारण चकतीच्या रचनेतच आहे. मोठ्या माणसाच्या चकतीच्या आतील भागात रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारे पोषण आजूबाजूच्या हाडांतून पाझरूनच यावे लागते आणि शरीराची हालचाल त्याला साहाय्य करते. तेव्हा कण्याचा विकार जडला म्हणून व्यायाम वर्ज्य करणे हे, तहान लागली असता पाणी वर्ज्य करण्यासारखेच होय. कोणता व्यायाम, केव्हा आणि कितपत, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

पहाटेची चकती

आपल्याकडे 'मणक्यातली गादी सरकली' असे म्हणतात. वस्तुतः गादी सरकत नाही. तिचे बाहेरचे आवरण कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, पण चिवट तंतूंचे असते, आणि आत मऊ, पाणीदार गर असतो. मनुष्य पुढे वाकला की मणक्यांची पुढची बाजू जवळ येते, गर मागे रेटला जातो आणि मागचे पापुद्रे ताणले जातात. वर्षानुवर्षे असे घडून ते विरले म्हणजे एखाद्या दिवशी गर तेथून डोकावतो. नेमकी तेथेच मज्जातंतूची वाट असते.

स्वीडनचे अस्थिवैद्य आल्फ नाखेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतीत सुई घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला. उभ्या माणसाच्या चकतीतील दाब १०० मानला, तर उताणे निजल्यावर तो २५ भरला, उभ्याने पुढे वाकल्यावर १५० आणि बसून पुढे वाकल्यावर १८५. पुढे १९९९ साली जर्मनीत झालेल्या मापनात बसण्याचा दाब पूर्वी वाटला होता तेवढा आढळला नाही. परंतु ओणवे होताना दाब चढतो, यावर दोघांचेही एकमत आहे.

आता रथसप्तमीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. रात्री आपण आडवे असतो तेव्हा चकत्यांवरील भार उतरतो आणि त्या पाणी शोषून फुगतात. सकाळी उठलेला मनुष्य रात्रीपेक्षा सुमारे दीड सेंटिमीटर उंच असतो तो यामुळेच. फुगलेली चकती टणक असते आणि तिला वाकणे सोसत नाही. इंग्लंडातील मायकेल ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली असा हिशेब मांडला की, दुपारच्या मानाने पहाटे पुढे वाकताना चकतीवर वाकण्याचा ताण सुमारे तीनशे टक्क्यांनी अधिक पडतो. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात ही फूग बरीचशी उतरते. १९९८ साली अमेरिकेतील स्टोव्हर स्नूक यांनी जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना, उठल्यावरचे पहिले काही तास पुढे वाकू नका, एवढेच पथ्य सांगितले आणि तेवढ्यानेही त्यांच्या वेदनेचे दिवस कमी झाले.

म्हणजे आम्ही काय केले होते ते पाहावे. पहाटे पाचला उठलो, थंडीत स्नान केले आणि साडेसहाच्या आत अंथरुणातून नुकत्याच उठलेल्या, दोन वर्षे कुरकुरणाऱ्या कमरेला गुडघे ताठ ठेवून पस्तीस वेळा, आणि प्रत्येक नमस्कारात दोनदा, दुमडले. सूर्यनारायणाने आमच्यावर कोप केला असे म्हणण्यास येथे मुळीच जागा नाही.

एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष

आमची कंबर पुढे एका व्यायामोपचारतज्ज्ञ बाईंच्या देखरेखीखाली सुधारली. त्यांनी प्रथम नुसते पालथे निजवले. काही दिवसांनी कोपरांवर छाती उचलायला लावली आणि पुढे अर्धे भुजंगासन. ही रीत न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेंझी यांच्या नावाने ओळखली जाते. १९५६ साली त्यांचा एक रुग्ण, डोक्याकडची बाजू वर करून ठेवलेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आणि उठला तो पायाची कळ गेली असे सांगतच. त्या प्रसंगापासून मॅकेंझींच्या विचाराला दिशा मिळाली. त्यांनी घालून दिलेली कसोटी आम्ही आजही पाळतो. एखाद्या हालचालीने पायातील वेदना वर सरकत कमरेच्या मध्याशी गोळा होऊ लागली, तर कमरेत किंचित अधिक दुखले तरी ते सुचिन्ह. कमरेतील दुखणे हलके होऊन पायात खाली उतरू लागले, तर ती हालचाल तत्काळ थांबवावी.

आमचे पाहून आमच्या थोरल्या बंधूंनीही भुजंगासन आरंभिले. दादांचे वय तेव्हा अडुसष्ट. त्यांना बाजारापर्यंत चालले की दोन्ही पाय जड होत, मुंग्या येत आणि पारावर दोन मिनिटे वाकून बसले की बरे वाटे. आठवड्याभराच्या भुजंगासनाने त्यांचे चालणे निम्म्यावर आले. तपासणीत आढळले की, त्यांच्या कमरेचा चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकला आहे आणि मज्जातंतूंची नळी अरुंद झाली आहे. मागे वाकले की ही नळी आणखी आकसते, पुढे झुकले की मोकळी होते. आमच्या चकतीला ज्याने उतार पडला, तेच दादांना अपायकारक ठरले. त्यांना पोट आणि नितंबांचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम सांगितले, बसून सायकल मारण्यास सांगितले आणि हात मागे नेऊन कमान करणे अजिबात वर्ज्य केले. 'एकाच आईची लेकरं आणि पथ्यं उफराटी', असे दादा अजूनही म्हणतात.

तिसरी गोष्ट आमच्या मातोश्रींची. ती सांगताना अंतःकरण जड होते, कारण तिच्यात दोष आम्हा मुलांचा होता. ऐंशीच्या घरातील आईची उंची हळूहळू कमी झालेली आणि पाठीला पोक आलेले आम्हांला दिसत होते. परंतु वार्धक्याचेच लक्षण म्हणून कोणी मनावर घेतले नाही. एका रथसप्तमीला ती नेहमीप्रमाणे अंगणात उकिडवी बसून रांगोळीचा रथ काढत होती आणि तशीच वाकून तिने पाण्याची बादली सरकवली. पाठीत कट्‌ असा आवाज झाल्याचे तिने स्वतःच सांगितले. पाठीचा एक मणका पाचरीसारखा दबला होता. हाडे ठिसूळ होण्याचा हा विकार, ज्याला वैद्यकात ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, उतारवयातील स्त्रियांत फार आढळतो आणि त्यात कणा पुढे वाकवून भार देणे सर्वांत घातक.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. अशा ५९ स्त्रियांपैकी ज्यांनी पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केले, त्यांच्यातील १६ टक्के स्त्रियांचे मणके पुढील काळात नव्याने दबले. काहीच व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण ६७ टक्के होते आणि पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के. स्त्रियांची संख्या थोडी होती हे खरे. तरीही चुकीच्या व्यायामापेक्षा स्वस्थ बसलेल्या स्त्रियाही बऱ्या राहिल्या, हे विसरण्याजोगे नाही. घरातील वृद्ध स्त्री पदर खोचून वाकली म्हणजे तिच्या उत्साहाचे कौतुक करणाऱ्या आम्हांसारख्या मुलांनी हे आकडे जरूर ध्यानात ठेवावेत.

यावरून वाचकांच्या लक्षात येईल की, 'पाठदुखीवर कोणते आसन चांगले' या प्रश्नाला उत्तरच नाही. आधी आपल्या कण्याला नेमके काय झाले आहे त्याचे नाव वैद्यांकडून समजून घ्यावे आणि मगच व्यायामाकडे वळावे.

'सूर्याला ताठ मानेने बघायचे?'

हाड जुळून आई हिंडूफिरू लागली, तेव्हा पुढच्या माघात आम्ही तिला खाली वाकून नमस्कार करण्यास मनाई केली. ती म्हणाली, 'अरे, सूर्याला वाकायचे नाही तर काय, त्याच्याकडे ताठ मानेने बघायचे? साठ वर्षांत असे झाले नाही.' तिच्या डोळ्यांत पाणी आले. कण्याच्या विकारात हेच दुःख अधिक असते. वेदना गोळीने शमते, पण व्रत खंडित झाल्याची रुखरुख शमत नाही. आम्ही निरुत्तर झालो. सुदैवाने पूजा सांगण्यास आलेले वृद्ध गुरुजी तेथे होते. ते स्वतः गुडघ्यांमुळे गेली कित्येक वर्षे खुर्चीवर बसून पूजा सांगतात. ते एवढेच म्हणाले, 'आजी, मानसपूजेला शास्त्राची मान्यता आहे, तिथे तर हातसुद्धा हलत नाही. तुम्ही हात तरी जोडता आहात.' आईची समजूत पटली. आमच्या सर्व वैद्यकीय आकड्यांनी जे झाले नसते, ते गुरुजींच्या एका वाक्याने झाले.

आम्हांला असे वाटते की, नमस्काराच्या बाह्य आकाराविषयी आपण नको तितके हट्टी झालो आहोत. सूर्योपासना पुरातन आहे यात शंका नाही. परंतु ज्या व्यायामक्रमाला आज आपण सूर्यनमस्कार म्हणतो, त्याचा घरोघरी प्रसार झाला तो मुख्यतः गेल्या शतकात, औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या ध्यासामुळे. त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत तो सुरू केला, त्यावर पुस्तके लिहिली आणि १९३८ साली लंडनहून निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच या क्रमाला 'दहा' अंगांचा म्हटले आहे. आज आपण बहुधा बारा अंगे मोजतो. काळानुरूप जो आकार बदलत आला, तो एखाद्याच्या दुखऱ्या मणक्यासाठी थोडा बदलला, तर त्यात अधर्म कोणता? योगसूत्रांतही आसनाची ओळख स्थैर्य आणि सुख यांवरून दिली आहे. कपाळ गुडघ्याला लागण्याचा तेथे उल्लेख नाही.

पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे उदाहरणही येथे आठवते. १९७५ साली त्यांनी पुण्यात संस्था उभी केली, तेथे भिंतीतील दोर, लोड, लाकडी ठोकळे आणि साधी खुर्ची यांच्या आधाराने अधू शरीरालाही आसन घडावे अशी व्यवस्था होती. १९७९ साली, वयाच्या साठीत, स्कूटरच्या अपघातात त्यांची स्वतःची पाठ दुखावली, आणि आसनांच्या जगद्विख्यात आचार्याला पुन्हा आरंभापासून, आधार घेत घेत अभ्यास उभा करावा लागला. खुर्चीचा आधार घेण्यात ज्यांना कमीपणा वाटतो त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आमचे नमस्कार आता असे चालतात. उठल्यावर तासभर ओणवे व्हायचे नाही. तेवढ्यात स्नान आणि अंगणात वीस मिनिटे चालणे होते. मग भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची समोर घ्यायची. ती भिंतीला टेकवलेलीच हवी, एरवी ती भक्तासह पुढे सरकते, आणि याची साक्ष आमच्या कपाटाच्या काचेने दिलेली आहे. हात वर नेताना छाती उचलायची, कंबर मागे मोडायची नाही. पुढे वाकताना गुडघे सैल सोडून वाक जांघेच्या सांध्यातून घ्यायचा, पाठ पाटासारखी सपाट ठेवायची आणि हात भुईऐवजी खुर्चीच्या बैठकीवर टेकायचे. एकेक पाय मागे नेऊन शरीर तिरकस फळीसारखे ताठ धरायचे. पोटाचे स्नायू अलगद आवळलेले, श्वास मात्र कोंडायचा नाही. साष्टांग स्थिती आम्ही गाळतो. भुजंगासन शेवटी वेगळे, सतरंजीवर पालथे निजून, कोपरांवर. दादांच्या क्रमात तेही नाही. मित्रापासून भास्करापर्यंत बारा नावे मात्र दोघांचीही पूर्ण होतात, सावकाश आणि मोठ्याने. बारांवर आम्ही जात नाही.

आईचे नमस्कार खुर्चीवर बसूनच. पाठ ताठ, दोन्ही हात वर, खांद्यांची पाती मागे जुळवायची, पुन्हा छातीशी हात जोडायचे. बसल्या बसल्या मानेने नमस्कार करायचा, कमरेतून झुकायचे नाही. याखेरीज आमच्या वहिनींनी रथाचा पाट उंच चौरंगावर मांडण्याची प्रथा घातली आहे, त्यामुळे सूनबाई आणि आई दोघी उभ्याउभ्याच चंदनाचा रथ रेखाटतात. दुधाची शेगडीही कट्ट्यावर आली. बादली उचलण्याचे काम नातवाकडे.

मानेच्या मणक्यांचा विकार असणाऱ्यांनी मान एकदम मागे टाकणे टाळावे आणि शीर्षासनाच्या वाटेस जाऊ नये, एवढे येथे पुरे. तो स्वतंत्र विषय आहे.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की, ती दिसताच व्यायाम, शेक, तेल सारे बाजूला ठेवावे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील बाजूस आणि बसण्याच्या जागी बधिरता येणे, पायातली शक्ती जाऊन पाऊल घसटत चालणे, यांपैकी काहीही घडले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. मज्जातंतूंचा जुडगा दबला असता तासातासाला महत्त्व असते आणि सणाचा दिवस आहे, उद्या पाहू, असे म्हणणे जन्मभराचे अपंगत्व ओढवून घेण्यासारखे ठरते. पाठदुखीबरोबर बारीक ताप, वजन घटणे किंवा निजल्यावरही न थांबणारी रात्रीची वेदना असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. आपल्या देशात हा रोग अजून संपलेला नाही, आणि अशा पाठीवर व्यायामाचा प्रयोग करणे म्हणजे वाळवी लागलेल्या खांबावर छप्पर तोलणे होय.

यंदाही आमच्या घरी सूर्य उगवेल तेव्हा अर्घ्य दिले जाईल. खुर्च्या मात्र दूध उतू गेल्यानंतर, साडेआठच्या सुमारास, उन्हात मांडल्या जातील. तीन खुर्च्या आहेत. चौथी गुरुजींसाठी शेजाऱ्यांकडून आणावी लागते.